बिनक्लचची गाडी

चार वर्षं मी जिला शिव्या घातल्या ती लाल रंगाची आहे, तिला दोनच दारं आहेत, आणि तुंगार्लीतल्या आमच्या घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती पहिल्या गिअरमध्ये अडकून उभी होती. शिव्या मनातल्या मनात. एक तर मी तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि दुसरं म्हणजे आमचे हे त्या गाडीविरुद्ध एक अक्षर ऐकून घेत नसत. माझ्याविरुद्ध बरंच ऐकून घेत.

गाडी काही आम्ही ऐपत दाखवायला घेतलेली नाही. ह्यांनी जन्मभर तळेगावच्या एका प्रेसशॉपमध्ये हायड्रॉलिक मशिनांचं मेंटेनन्स केलं. रिटायर झाल्यावर वरच्या अंगाच्या एका बंगल्यातला पंप आणि जनरेटर बघायचे. बंगल्याचे मालक मुंबईचे, वर्षातून दोनदा येणारे. त्यांची ही परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार तिथे ताडपत्रीखाली पडून असायची. बंगला विकला तेव्हा ते म्हणाले, "काका, न्यायची तर न्या, नाहीतर भंगारात जाईल." ह्यांनी ती रीतसर नावावर करून घेतली आणि स्वतः चालवत घरी आणली. मला बाजूला बसवून तळ्याला दोन चकरा मारल्या. इतकी खाली बसायची सवय नव्हती, मला रस्त्यावरून घसरगुंडी केल्यासारखं वाटलं. पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले.

सहा महिन्यांनी ती एके दिवशी शेडमध्ये शिरली ती परत निघालीच नाही.

तिचं दुखणं नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिला क्लचचं पेडल नाही. स्टिअरिंगच्या मागे दोन पात्या आहेत. एक ओढली की गिअर वर, दुसरी ओढली की खाली. पायाचं काम तेल करतं. एक छोटा पंप तेलाला दाब देतो, आणि त्या दाबावर एक दट्ट्या क्लचचा दांडा ढकलतो. त्या सगळ्या जोडणीला हे 'ॲक्च्युएटर' म्हणतात, मी 'डबा' म्हणते. डब्यातली रबरी सीलं म्हातारी झाली, तेल गळलं, दाब बसेना. क्लच सुटेना, म्हणून गिअर सुटेना, म्हणून गाडी ढकलताही येईना. पुण्यातल्या एका वर्कशॉपनं फोनवरच सांगितलं की डबा कुणी उघडत नाही, अख्खा बदलतात. किंमत ऐकून ह्यांनी फोन ठेवला आणि पान्यांची पेटी उघडली.

आता माझं सांगते. मला पुण्याला जायचं होतं. मुलानं आमच्यासाठी एक खोली जास्तीची घेतली होती, लिफ्ट होती, खाली बाग होती, दोन गल्ल्या सोडून माझी धाकटी बहीण राहत होती. इथे जून ते सप्टेंबर कपाटातल्या साड्यांना बुरशी, आणि बाराही महिने शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत पर्यटकांच्या गाड्यांनी गच्च भरलेला रस्ता. शनिवारी भाजीला बाहेर पडायचं म्हणजे घरचं कार्य काढल्यासारखं. बोलायला माणूस नाही. मी खरंच कोंडले होते, आणि ते मी मुलाला, बहिणीला, ह्यांना, सगळ्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

ह्यांचं उत्तर ठरलेलं. "गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली की दुसऱ्या दिवशी मी पुण्याला येतो. तोवर विषय नको."

आणि एक गोष्ट होती, ती आम्ही कमी बोलायचो. हे विसरायला लागले होते. चष्मा, किल्ली असलं सगळेच विसरतात. पण आदल्या वर्षी कामशेतला एक नळी आणायला गेले आणि परतताना भलत्याच, पवनानगरच्या जीपमध्ये बसले. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मावशी, हितं येक आबा बसल्यात धरणाकडं बगत. त्येंच्या डायरीत तुमचा नंबर हाय. घर कुटं ते सांगंनात. तुमचंच का?" आमचेच होते. घरी आल्यावर म्हणाले, पाणी किती आलंय ते बघायला गेलो होतो. मुलाला मात्र कळायचं ते कळलं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, आणखी एक अशी गोष्ट झाली ना, तर मी विचारत बसणार नाही. तसाच घेऊन जाईन दोघांना."

म्हणजे पुण्याला जायच्या दोन वाटा होत्या. एक ह्यांच्या शब्दाची आणि एक ह्यांच्या फजितीची. मी पहिली धरली. डबा दुरुस्त करायचा आणि माणसाला त्याच्या पायांनी बाहेर काढायचं.

फक्त करायचा कुणी? ह्यांचे हात थरथरायला लागले होते. बोल्ट धरला की दोनदा पडायचा. डबा इंजिनाच्या मागे, खालच्या अंगाला. तिथे हात जायला माझ्यासारखं बारीक मनगट हवं. मग मी गाडीखाली आणि हे वेताच्या खुर्चीत, टॉर्च घेऊन, उंटावरून शेळ्या हाकायला. "डावीकडे. डावीकडे म्हणजे तुझ्या नव्हे, गाडीच्या." शिकवण्याचा धंदा माझा, पण विद्यार्थी म्हणून मी किती वाईट आहे ते मला त्या शेडमध्ये समजलं. साडी कशी चालणार? सलवारवर ह्यांचा कंपनीतला जुना निळा शर्ट चढवायचे. गाडी जॅकवर उचलून लाकडी ठोकळ्यांवर बसवलेली. खाली गोणपाट. नाकाच्या वर चार बोटांवर लोखंड. तिथे आडवं पडलं की पाठीला शेडच्या लाद्यांचा गारवा लागायचा आणि छाती भरून श्वास घेता यायचा नाही. दर वेळी वाटायचं, बास, आता नाही. आणि दर वेळी पुण्याची लिफ्ट डोळ्यांसमोर आणून मी आत सरकायचे.

ह्यांचा एक नियम होता, कंपनीतून आणलेला. तिथे मशिनमध्ये हात घालणारा माणूस मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचा आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायचा. साहेब आला तरी द्यायची नाही. घरी कुलूप कुठून आणणार? तर बॅटरीची काळी वायर काढायची आणि तिचा बोल्ट, जो गाडीखाली जाणार त्याच्या खिशात. बोल्ट खिशात, म्हणजे गाडी मेलेली. कारण ह्या गाडीला एक खोड आहे. तिच्या ड्रायव्हरचं दार उघडलं की मालक आला असं समजून ती जागी होते. किल्ली लावायच्या आधीच पंप सुरू होतो, आणि दट्ट्या एकदा पुढे सरकून मागे येतो, दाब तपासायला. "हे विसरलीस तर बोट जाईल," हे पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मग प्रत्येक वेळी, मी खाली सरकण्याआधी, तो बोल्ट माझ्या तळहातावर ठेवायचे आणि मी तो शर्टाच्या खिशात टाकायचे. कधी चुकले नाहीत.

त्या रविवारी, गणपती होऊन आठवडा झाला असेल, आमचं काम संपत आलं होतं. नवी सीलं आदल्या पंधरवड्यात बसवली होती. सकाळी बॅटरी जोडून, डब्याच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या तोटीला, सलाइनची नळी लावून तेलातली हवा काढली. पंप घुरघुरायचा, नळीतून बुडबुडे यायचे, हे मोजायचे. बुडबुडे संपले. ह्यांनी पाती ओढली आणि खालून 'टक्' असा आवाज आला. चार वर्षांनी गिअर सुटला होता.

ह्यांनी गाडीच्या टपावर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. मी आनंदानं रडले, खोटं कशाला बोलू. मनात सामान बांधायला घेतलंसुद्धा.

पण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. दट्ट्या आणि क्लचचा दांडा जोडणारी जी पिन, तिची क्लिप गोणपाटावर पडलेली दिसली. ती नसली तर पिन निसटणार. दोन मिनिटांचं काम. "बॅटरी काढली का?" मी विचारलं. "काढली," हे म्हणाले, आणि माझ्या हातावर बोल्ट ठेवला. मी तो न बघता खिशात टाकला. तो पेटीतला दुसराच कुठलातरी बोल्ट होता. बॅटरी जोडलेलीच होती.

मी आत सरकले. क्लिप डाव्या हातात, उजव्या हाताचं मधलं बोट पिनीच्या मागे. वर ह्यांच्या चपलांचा आवाज आला. खुर्ची उन्हात गेली होती, पाय दुखत असतील, म्हणून बसायला जागा शोधत होते. ड्रायव्हरची सीट दिसली. त्यांनी दार उघडलं.

पंप घुर्रर्र झाला आणि दांडा पुढे आला. एरवी तो लगेच मागे जातो, पण सकाळपासून पंप चालवून बॅटरी दमली होती. ती मध्येच बसली. पंप थांबला, तेल आत कोंडलं, आणि दांडा माझ्या बोटावर दाबलेला तसाच राहिला.

मी जी ओरडले ती माझी मला ओळखू आली नाही.

"काय झालं?" हे खाली वाकले. टॉर्च माझ्या डोळ्यांवर.

"दार! दार का उघडलंत?"

"कुठलं दार?"

त्यांच्या मागे ते दार सताड उघडं होतं.

दुखण्यापेक्षाही मला तेव्हा जी भीती वाटली ती सांगते. मला उपाय माहीत होता. ह्यांनीच शिकवला होता. निपल सैल केलं की तेल सुटतं, दाब जातो, दांडा मोकळा होतो. निपल माझ्या डाव्या हाताच्या टप्प्यात होतं. फक्त पाना हवा होता, आणि तो बाहेर पेटीत होता. म्हणजे माझ्या आणि सुटकेच्या मध्ये एकच माणूस होता.

"दहा नंबरचा पाना द्या," मी म्हणाले.

थोड्या वेळानं हातात आला स्क्रू-ड्रायव्हर.

"पाना हो, पाना! दहा नंबर! निपलचा!"

मग फडकं आलं. मग पाण्याचा तांब्या आला. मी ओरडून सांगितलं, समजावून सांगितलं, पहिलीच्या पोराला सांगतात तसं सांगितलं: पेटीचा वरचा कप्पा, उजवीकडून तिसरा. "हो हो," म्हणाले. आणि नंतर काहीच आवाज येईना. मान वळवून पाहिलं तर हे माझ्या पायांशी फरशीवर बसले होते आणि माझ्या पावलावर हळूहळू थोपटत होते. "होईल बरं," म्हणत होते. "होईल बरं."

मला इतका राग आला की विचारू नका. ह्या माणसाचा, गाडीचा, बंगलेवाल्याचा, आणि शहाणपणानं पहिली वाट धरणाऱ्या माझा. मी हाका मारल्या, पण खालच्या रस्त्यावर पर्यटकांचे हॉर्न एकसारखे वाजत होते, रविवारी अकरा वाजता तिथे कुणाला काय ऐकू जाणार? माझा मोबाइल ओट्यावर. बोटाची जाणीव जायला लागली होती, आणि ते दुखण्यापेक्षा वाईट. मी ठरवलं की आता रडायचं. रडलेही थोडी. नाकात तेलाचा वास, पाठीखाली लादी, पायावर ती थोपटणी. ती थांबत नव्हती.

मग मला काय सुचलं ते मला आजही धड सांगता येत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी ह्यांचा जेवणाचा डबा द्यायला एकदा कंपनीत गेले होते. हे मशिनखाली होते, नुसता हात बाहेर, तळवा वर. बघायचं नाही, विनवायचं नाही, फक्त ओरडायचं. मदतनीस पाना हातावर आपटायचा. आणि तिथे कुणी 'दहा नंबर' म्हणत नसत. पान्याला दोन तोंडं, म्हणून जोडीनं नाव.

मी डावा हात गाडीखालून बाहेर काढला, तळवा वर केला आणि पोटातून ओरडले, "दहा-अकरा!"

थोपटणं थांबलं. पेटी खडखडली. आणि माझ्या तळव्यावर फट्कन पाना बसला.

बरोबर तोच होता. दहा-अकरा. निपल सैल केलं, तेल तोंडावर उडालं, दांडा सुटला. मी बाहेर सरकले तेव्हा हे माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, रक्त येतंय तुला."

खालच्या आळीतला रिक्षावाला आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला. मूळचा वडिवळ्याचा पोरगा, त्याच्या आईची आणि माझी ईद-दिवाळीची देवाणघेवाण आहे. "मावशी, हात वर धरा, खाली सोडू नगा," तो म्हणाला. "लय सुजलंय वो." दवाखाना दहा मिनिटांवर, पण रस्ता जागचा हलेना. पाऊण तास आम्ही त्या रांगेत होतो. शेजारच्या गाडीतल्या बाईनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि काच वर केली. हे माझी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. "कुठे चाललोय आपण?" त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं.

बोटाचं टोक मोडलं होतं. नख काढलं, टाके घातले, पट्टी बांधली. संध्याकाळी मुलगा पोचला. पुण्याहून येतानाही तो त्याच रांगेत अडकला होता, त्यामुळे आधीच तापलेला. माझा हात बघून त्याचा चेहरा पडला. "आई, कसं झालं हे?"

मी तोंड उघडायच्या आत हेच बोलले. "दार उघडलं कुणीतरी!" आवाज चढलेला. "माणूस आत हात घालून काम करतोय आणि दार उघडतात? कोण होतं तिथे? कुणी उघडलं?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. माझी पर्स खांद्याला लावून ते खाटेच्या पायथ्याशी उभे होते आणि मला ज्यानं दुखवलं त्याला शोधत दाराकडे बघत होते.

मुलगा माझ्याकडे बघत होता. एक शब्द पुरे होता. 'तुम्ही.' म्हणजे दिवाळी पुण्यात. लिफ्ट, बाग, बहीण. मला ते सगळं हवं होतं, आजही हवं आहे, आणि नुसतं खरं बोलून मिळत होतं. शाळेत खरं वदवून घ्यायला मी किती पोरांना अंगठे धरायला लावले असतील. पण तो शब्द ह्यांच्यासमोर, ह्यांच्या तोंडावर टाकायचा, आणि मग ह्यांचा चेहरा बघायचा, एवढी छाती माझ्यात नव्हती.

"मीच उघडलं," मी म्हणाले. "टॉर्च काढायला. आणि पंप थांबायच्या आत खाली हात घातला."

मुलाला गाडीतलं काही कळत नाही. माझं खोटं मात्र त्याला लहानपणापासून कळतं.

मग ह्यांनी मला झापलं. पंधरा मिनिटं. मशिन आधी मारायचं, मग दाब सोडायचा, मग हात लावून खात्री करायची, मग आत जायचं; एकेक पायरी, क्रमानं, एक शब्द न अडखळता. वर्षभरात त्यांच्या तोंडून एवढं सलग बोलणं मी ऐकलं नव्हतं. दोन नर्स दारात येऊन उभ्या राहिल्या. मी खाली मान घालून ऐकत होते.

"चूक कुणाची?" त्यांनी शेवटी विचारलं.

"माझी," मी म्हणाले. "चुकलं माझं."

बेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी माझ्याकडून पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचा राग एकदम उतरला. मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. हे खाटेच्या कडेला बसले, माझा चांगला हात हातात घेतला, आणि मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं माझ्या कानाशी वाकले.

"होतं असं, नवीन माणसाकडून होतं," ते म्हणाले. "घाबरू नकोस. मी वर साहेबांना कळू देणार नाही."